राणीच्या दगडाचा चुना

"शनवारी न्हाई जमायचं."

"मग कवा जमंल, दाजी? पुढल्या जत्रंला? तीन वर्सं भरली माझ्या भनीला. देवळातल्या पपा सावासनं कुदळ बी घासून ठिवलीया."

"भट्टी पेटल्याली हाय. म्या हलनार न्हाई हितनं."

"तुमची भट्टी कवा पेटल्याली नसती? ती मेली त्या दिशी बी पेटलीच व्हती."

लिनार्दोनं झुडपाची एक मोळी उचलली, भट्टीच्या तोंडात सारली, आणि काठीनं आत ढकलत राहिला. त्याची मेव्हणी झाम्बेता कमरेवर मडकं घेऊन उभी होती. धूर चुकवत कधी इकडं सरकायची, कधी तिकडं. मी माझ्या गाढवांवरचा दगड उतरवत होतो. ऐकू येत नसल्यासारखं तोंड करून सगळं ऐकत होतो.

"धुवायला दारू म्या आनती," झाम्बेता म्हणाली. "घुगऱ्या शिजवती. डाळिंबाचं दानं घालती. तुमी नुसतं येऊन हुबं ऱ्हावा."

"तुजी दारू? तुजी भन कालीत्सा काय म्हनायची ठावं हाय न्हवं? झाम्बेताची दारू पिऊ ने, तेच्यात जैतुनं मुरवावी."

"म्हनली आसंल. जिभंला हाड नव्हतंच तिच्या. बाकीची हाडं तरी धुवून घ्या की शनवारी."

ती तरातरा गेली. लिनार्दो काठी टेकून तसाच उभा. उन्हाळ्याचे दिवस, समोर भट्टी, आणि या माणसाच्या हातावर काटा आलेला मी डोळ्यांनी पाहिला.

लिनार्दो म्हणजे आमच्या पेत्रोनी गावचा चुना भाजणारा. बाप तेच करायचा, आजाही तेच. तिघांच्याही भुवया गावानं कधी पाहिल्या नाहीत. तीन दिवस अन् तीन रात्री भट्टी जागवायची. ज्वाळेचा रंग बघून आतला दगड कच्चा का पक्का हे तो लांबून सांगायचा. किल्ल्यातल्या फिरंगी शिलेदारांना दुसरा कुणी चालत नसे. त्यातून या साली सुलतानाचं आरमार शिलेदारांच्या ऱ्होड्स बेटावर येणार अशी हाकाटी होती. किल्ल्याच्या भिंती जाड करायच्या, बुरूज वाढवायचे. चुना द्या, अजून चुना द्या. कारभारी दिवसातून दोनदा घोड्यावरून यायचा आणि भट्टीला शिव्या घालून जायचा, जसं काही शिव्यांनी दगड लवकर भाजतो.

दगड यायचा पायऱ्यांच्या शेतातून. गावाच्या मधोमध ते शेत. त्याच्या पोटात एक राजा निजलाय, हे आमच्याकडं दूध पितं पोरही सांगेल. त्याच्यावर एकेकाळी डोंगराएवढं थडगं होतं. खांबांची रांग, खांबांवर पायऱ्यांचा ढीग, आणि पार माथ्यावर चार घोड्यांचा रथ. कोळ्यांना म्हणे दिवसभराच्या वाटेवरून दिसायचं. मग भुई हलली अन् घोडे खाली आले. उरलं ते फिरंग्यांच्या वाडवडिलांनी किल्ल्याला नेलं. हिरवा दगड भिंतीला, पांढरा भट्टीला. शंभर वर्षं गावानं ते थडगं भाजून भिंतीला फासलं, आणि तरी जमिनीत अजून निघतच होतं.

किल्ल्यातल्या एका लेखनिकाला पोथ्यांचा नाद होता. त्यानं एकदा भट्टीशी बसून थडग्याची कूळकथा सांगितली. राजाचं थडगं राणीनं बांधायला घेतलं. राणी त्याची बायको अन् सख्खी बहीणही तीच. हे ऐकून आमचा पाद्री पपा सावास बाजूला थुंकला. राजाला जाळल्यावर राणीनं त्याची राख मुठीमुठीनं दारूत कालवली, आणि संपेपर्यंत पीत राहिली. मग तीही गेली. थडगं पुरं झालेलं तिनं पाहिलंच नाही.

"शानी बाई," लिनार्दो म्हणाला. "पोटात घातला नवरा. आता कोन येनार उकरायला!"

सगळे हसले. तो हसला नाही.

संगमरवराची एक खोड आहे. भाजला तरी आकार सोडत नाही. भट्टी निवली की आतून माणसं निघायची. कुणाचा खांदा, कुणाची मांडी, घोड्याचं नाक, दाढीवाला म्हातारा. सगळं जसंच्या तसं, फक्त वजन अर्ध्यावर आलेलं. एकदा मी एका बाईचं डोकं उचललं. केसांच्या बटा, ओठ, सगळं शाबूत, आणि टोपलीगत हलकं. मी आपला बघत राहिलो.

"घाम पडू दिऊ नगंस तिच्यावर," लिनार्दो म्हणाला. "भाजशील."

खरंच होतं. चुनकळीवर पाण्याचा थेंब पडला की ती तापते, फुगते, फुसफुसते. हौदात पाणी सोडलं की त्या सगळ्या तोंडांना तडे जायचे, गाल फुगायचे, आणि बघता बघता पांढरी भुकटी. तेवढा वेळ लिनार्दो हौदाकडं पाठ करून उभा राहायचा. वाफेचा त्रास होतो म्हणायचा.

त्याची बायको कालीत्सा गेली ती मानेला गाठ येऊन, तीन दिवसांत. जीभ मात्र शेवटपर्यंत चालू होती. गावातली एक बाई तिनं दुखवायची ठेवली नव्हती. सासूला तर तिनं भरल्या देवळात सांगितलं होतं, तू मेलीस की मी तुझ्या मयताच्या गोड घुगऱ्यांत मीठ घालीन. म्हातारी त्याच हिवाळ्यात मेली, माफ न करताच. तेव्हापासून विहिरीवर बायका म्हणायच्या, हिला काय माती पचवत नाही.

पेत्रोनीत मेलेलं माणूस एकदा पुरून भागत नाही. तीन वर्षांनी शनिवारी कबर उघडायची, हाडं काढायची, दारूनं धुवायची, देवळामागच्या खोलीत पेटीत ठेवायची. मधासारखी पिवळी निघाली की जीव सुटला. काळी निघाली की पपाला जास्तीच्या प्रार्थना. आणि हाडं निघालीच नाहीत, माणूसच निघालं, तर ते उठलेलं मढं. ते हिंडतं, दारं ठोकतं, ताप आणतं. फक्त शनिवारी ते आपल्या जागेवर पडून असतं, म्हणून कुदळ शनिवारीच घालायची.

मरताना कालीत्सानं नवऱ्याचा हात धरला होता. हे त्यानं मला फार पुढं सांगितलं. म्हणाली, "मला माती इरगाळंल का रं? का त्या रांडा म्हनत्यात तसं हुईल?" आयुष्यात त्या बाईला कशाची भीती वाटलेली त्यानं पाहिली नव्हती.

असो. ती मेली. त्यानंतरच्या पावसाळ्यात माझं बारकं गाढव चुन्याच्या जुन्या हौदात पडून मेलं. बाहेर ओढायचं सोडून लिनार्दोनं वरून चुना लोटला. म्हणाला, वास यायचा न्हाई, चुना समदं खाऊन टाकतो. दहा महिन्यांनी तोच चुना लागला म्हणून आम्ही हौद उकरला. वरचं कवच फोडलं. आत गाढव. कातडी, कान, पापण्यांचे केससुद्धा. वाळलेलं होतं, पण सगळं जागच्या जागी.

"आरं लिनार्दो," मी हसत म्हणालो, "ह्याला दाना दावून बगू का? वजं न्हील आजून!"

त्या दिवशी तो जेवला नाही. मला वाटलं, माझ्या गाढवाचं दुःख करतोय. अरे, माझंच गाढव आणि मी चापून जेवलो होतो. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

त्या दिवसापासून एक बदल झाला. आधी तो भट्टीपाशी एकटा असला की बायकोशी मोठ्यानं बोलायचा, रंडके बोलतात तसं. मोळी ओली हाय गं, पाठ दुकतीया गं. गाढव निघालं, आणि त्याचा आवाज खाली आला. घरात कुणी झोपलंय, जागं होईल, असा कुजबुजायला लागला. दुपारी जेवायला बसायचा तो कबरस्तानाकडं तोंड करून. पाठ करून बसवत नाही म्हणायचा.

आणि आता तिसरं वर्ष भरलं.

त्याच आठवड्यात पायऱ्यांच्या शेतात खणणाऱ्यांची पहार भोकात गेली. खाली चौकोनी दालन. भिंतींना खांब, खांबांमध्ये पांढऱ्या दगडात लढाई कोरलेली. नागडे पुरुष, घोड्यावरच्या बायका, कुऱ्हाडी उगारलेल्या. फिरंगी शिलेदार मशाली घेऊन उतरले, दुपारभर वाहवा केली. संध्याकाळच्या आत हातोडे आले. मी स्वतः सहा खेपा भट्टीवर नेल्या. दालनाच्या मागं बुटकं दार सापडलं, आत पांढऱ्या दगडाची पेटी. तेवढ्यात किल्ल्याची घंटा झाली आणि सगळे वर आले. उद्या उघडू म्हणाले.

सकाळी पेटीचं झाकण फुटलेलं. मातीत जरीच्या चिंध्या आणि सोन्याच्या बारीक टिकल्या पसरलेल्या. पेटी रिकामी.

कारभारी म्हणाला, समुद्रावरच्या चोरांचं काम. गावानं मान डोलावली आणि घरी जाऊन दाराच्या कड्या तपासल्या. चोर झाकण फोडेल हे खरं. पण चोर टिकल्या सांडत कशाला जाईल? निजलेला माणूस दोन हजार वर्षांनी उठला तर त्याची कापडं अशीच गळून पडतील. मग तीन घरांत ताप आला. पोरं तापात म्हणायची, दाराशी पांढरी बाई उभी आहे. लेखनिकाची राखेची गोष्ट कुणाच्या ध्यानात नव्हती, आणि राजा गेला कुठं हे कुणाला ठाऊक नव्हतं. पण पांढरी बाई कोण, याचा विहिरीवर दोन दिवसांत निकाल लागला. सासूनं माफ न केलेली एकच होती गावात, आणि तिचा नवरा कबर उघडायला टाळत होता.

शनिवारी पपा सावास स्वतः भट्टीवर आला. मागं निम्मं गाव.

"लिनार्दो, चल बाबा."

"भट्टी..."

"भट्टी झानी बगंल."

"झानी न्हाई बगायचा," मी म्हणालो. "झानी यिनार तुमच्यासंगं." इतका मी काही पुण्यवान नाही, मला बघायचं होतं.

कबर खणायला झाम्बेतानं सुरुवात केली. जवळच्या बाईनंच करायची असते. माती मऊ होती. गुडघाभर गेल्यावर कुदळ ठण्णकन वाजली.

"दगुड हाय," ती म्हणाली. हातानं माती सारली, आणि किंचाळून मागं पडली.

खाली पांढरं कवच होतं. डोक्यापासून पायापर्यंत. छातीवर घडी घातलेले हात त्यात दिसत होते, फडक्याच्या चुण्या दिसत होत्या, आणि वरच्या टोकाला तोंड. नाक, मिटलेले डोळे. त्या दालनातली एखादी दगडी बाई कुणी आणून निजवली असावी तसं.

"रानी!" कुणीतरी ओरडलं. "रानी शिरली तिच्यात!"

"राजानं जोडीदारीन केली!"

"जाळा! हितंच जाळा!"

"हितं लाकूड कुटनं आनायचं?" एक म्हातारा म्हणाला. "भट्टी पेटल्यालीच हाय की. तिकडंच न्या."

आणि सगळ्यांची तोंडं लिनार्दोकडं वळली.

भट्टीत घातलेल्याचं पुढं काय होतं, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? ती भाजली जाणार, हौदात फुगणार, वाळूत कालवली जाणार आणि बुरुजाच्या फटीत जाऊन बसणार. तिला धुवायची हाडं नाहीत, पेटी नाही, नाव नाही. पण तोंड उघडावं तर दुसरं मरण. भट्टीतली चिमूटभर चुनकळीसुद्धा किल्ल्याची. चोरणाऱ्याची बोटं तोडायची असा किल्ल्याचा कायदा, आणि कारभाऱ्याचा शिपाई त्याच गर्दीत, भाला टेकून, सगळ्यांइतकाच पांढराफटक पडून उभा होता.

लिनार्दो कबरीत उतरला. झाम्बेताच्या हातातलं मडकं ओढून घेतलं आणि ती आंबट दारू कवचावर ओतली. कवच फसफसलं. बारीक बुडबुडे, फेस.

"थुकतीया!" बायका पळाल्या. पपा सावाससुद्धा दोन पावलं मागं सरला.

"कुनी थुकत न्हाई," लिनार्दो म्हणाला. आवाज मोठा नव्हता, पण तिच्याजवळ तो दोन वर्षांत पहिल्यांदा कुजबुजला नाही. "चुना हाय ह्यो. चुन्यावर आंबट टाकलं की आसंच हुतं, कुठल्या बी भितीवर टाकून बगा. रानी न्हाई का काय न्हाई. किल्ल्याचा चुना हाय, म्या चोरला. तीन टोपल्या. तिला पुरली त्या दिशी म्या टाकला."

"कशापायी रं?" पपानं विचारलं.

"माती इरगाळंल का, म्हनत व्हती. तुमी समदी न्हाई म्हनत व्हतासा. म्हनलं चुना इरगाळंल. चुना समदं खातो आसं बा म्हनायचा, आजा म्हनायचा. त्येंनी कवा बगितलं व्हतं? माझ्या बाला भुवया नव्हत्या आन अक्कल बी नव्हती."

"आता खोटं बोलतुयास, तिला वाचवायला."

"झानीला इचारा. झानी, तुजं गाढव."

"कुठलं गाढव?" पपा म्हणाला. आख्खं कबरस्तान माझ्याकडं बघायला लागलं.

खरं बोललो तर त्याची बोटं जाणार, मुका राहिलो तर ती भट्टीत. मी त्याच्याकडं पाहिलं. त्यानं मान हलवली, बोल म्हणून.

मी सांगितलं. हौद, दहा महिने, कातडी, कान, पापण्या.

"पापन्या बी?" शिपायानं विचारलं.

"एक एक केस."

लिनार्दो बोलत बसला नाही. त्यानं तोंडावरच्या कवचाच्या कडेला नखं घातली आणि ते अलगद उचललं, पोळी तव्यावरून उचलतात तसं. खाली कालीत्सा होती. रंग चामड्यागत, गाल आत गेलेले, पण तीच. वरचा ओठ जरा उचललेला, कुणाला तरी उत्तर द्यायच्या बेतात. मी तिला तीस वर्षं ओळखत होतो. जिवंतपणी ती जशी बघायची तशी मिटल्या डोळ्यांनी बघत होती. गाढवाचं मीच सांगितलं होतं, चुन्याचं मला सगळं माहीत होतं, आणि तरी माझे पाय मागं सरले. ते का सरले, याचं उत्तर मला आजही देता येत नाही.

"चुकलं माझं," लिनार्दो तिला म्हणाला. "तुला अडकवून ठिवली."

मग त्यानं सगळं कवच फोडलं, तुकडा तुकडा वर फेकला. कुणी हात लावला नाही. बऱ्याच वेळानं झाम्बेता उतरली आणि पायाकडचं फोडायला लागली.

पपा सावासनं निकाल दिला. वर टेकाडावर नुसत्या लाल मातीत पुन्हा पुरायची, आणखी तीन वर्षं. पण त्याआधी हजर असलेल्या एकेकानं येऊन माफ केलं म्हणायचं, मोठ्यानं. लोक आले. म्हणाले. काहींनी पुटपुटलं, पपानं त्यांना परत म्हणायला लावलं. झाम्बेता सगळ्यांच्या शेवटी आली.

"माझ्या दारूला नावं ठिवलीस ती बी माफ केली," ती म्हणाली, आणि रडली.

पुढल्या आठवड्यात ताप उतरला. कशानं उतरला ते देव जाणे. वाराही बदलला होता.

शिपायानं किल्ल्यात सांगितलंच. सोमवारी कारभारी घोड्यावरून आला. खाली उतरला नाही.

"तीन टोपल्या?"

"व्हय धनी."

"डाव्या हाताची दोन बोटं."

"व्हय धनी."

कारभाऱ्यानं भट्टीकडं पाहिलं, अर्धवट बुरुजाकडं पाहिलं, समुद्राकडं पाहिलं. मग त्याच्या ध्यानात आलं की हा माणूस अंथरुणाला खिळला तर ज्वाळेचा रंग ओळखणारा दुसरा कुणी नाही.

"भिंत पुरी झाली की," तो म्हणाला. "त्या दिवशी. आधी नाही."

तो गेल्यावर मी म्हणालो, "सावकाश भाज बाबा आता. म्हातारपनापातूर भाज."

"कच्चा दगुड सोडायचा न्हाई म्या," लिनार्दो म्हणाला. आपला डावा हात त्यानं एकदा पुढून आणि एकदा मागून पाहिला. मग टेकाडाकडं पाहिलं. माती तिथं अजून ओली, लाल दिसत होती.

"माती आता घिल ना गं तुला?" तो म्हणाला. मला नाही. कुजबुजून म्हणाला. त्याला ज्या उत्तराची भीती होती ते आणखी तीन वर्षं येणार नव्हतं.

भट्टी रात्रीत निवली होती. तो वाकून आत शिरला, तळाची राख ओढली, आणि नव्या थराची कमान रचायला बसला. आतून हात बाहेर आला.

"दगुड दे की रं, झानी. बारका आधी."